आखाड सरताना, लेकीला परत पोचवण्याआधी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आखाड सरत आला. यंदाच्या लगीनसराईत दिलेल्या पोरी सध्या माहेरी आहेत. आषाढात नव्या सुनेनं सासूचं तोंड बघू नये ही आपल्याकडची रीत. ज्यानं कुणी घातली त्याला दोघींचीही चांगली पारख असावी. पंचमीच्या लाह्या-लाडू झाले की पोचवणीची गडबड सुरू होईल.

आईच्या लक्षात येतं ते याच महिन्यात. वेणी घालताना केसांचा पुंजका हातात येतो, लग्नात शिवलेल्या झंपराला दोन्ही बाजूंनी टीप मारावी लागते, आणि दुपारी आडवी झालेली पोरगी दिवेलागणीपर्यंत उठत नाही. मग विचारपूस, मग रडणं, मग श्रावणात बैठक. दोन्हीकडची चार मोठी माणसं, चहा, "आमची पोर लहान आहे, सांभाळून घ्या", "आमचं काही म्हणणं नाही, तिनं उलटं बोलू नये एवढंच", आणि तिसऱ्या दिवशी पोरगी पुन्हा त्याच चुलीपुढं. आमचं म्हणणं या बैठकीबद्दल आहे. बैठक घेऊ नये असं नाही. ती तोंडी घेऊ नये.

बैठकीत पोरगी एकच वाक्य बोलते: "लई जाच आहे." यावर पंचांकडं उत्तर तयार असतं: सासू म्हटल्यावर बोलणारच. "जाच" हा शब्द सगळं पोटात घेतो, आणि म्हणूनच त्यातून काही हाती लागत नाही. तो फोडून सांगावा लागतो: काम किती, जेवण कधी आणि काय, झोप किती, फोन कुणाकडं, सोनं कुठं, माहेरी जायला कोण अडवतं, अंगावर हात कुणी टाकला.

जेवणाचंच घ्या. "आम्ही तिला उपाशी ठेवतो का?" असं सासू बैठकीत ठणकावून विचारते, आणि ती खोटंही बोलत नसते. नको म्हणून कुणी ताट ओढून घेत नाही. पण पिठाचं मापटं सासूच्या हातात असतं. समजा चौदा भाकऱ्यांचं पीठ काढून दिलं. सासऱ्याला तीन, नवऱ्याला तीन, दिराला तीन, सासूला दोन, नणंदेला दोन. झाल्या तेरा. सगळ्यांना वाढून शेवटी बसणाऱ्या सुनेला उरली एक, आणि दारात कुत्रं असेल तर अर्धी. आमटीचा तळ. दूध डेअरीला गेलेलं. पीठ परत मागायचं तर "आमच्या घरात पुरवून खायची पद्धत आहे" हे ऐकायचं. हे सहा महिने चाललं की पोरीचं हिमोग्लोबिन आठ-नऊवर येतं. गरोदर बाईत ते ११ च्या खाली असलं की रक्तक्षय धरतात, ७ च्या खाली गेलं की तो गंभीर. म्हणून बैठकीत "खायला घालत नाहीत" असं म्हणू नका. मापटं कुणाकडं, भाकऱ्या किती, जेवायला किती वाजता बसते, हे विचारा. उत्तर द्यायला घरातल्यांना जड जातं, कारण मोजणी सगळ्यांना ठाऊक असते.

त्यातून ती गरोदर असेल तर आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस. "गोळ्या खाल्ल्या की पोर काळं होतं" म्हणत त्या कोनाड्यात पडून राहतात, किंवा सकाळच्या चहाबरोबर दिल्या जातात. चहानं लोह अंगी लागत नाही, गोळीच्या आधी-नंतर तासभर तरी चहा नको. दुसरी गोष्ट मातृपूर्णा. कर्नाटकात २ ऑक्टोबर २०१७ पासून गरोदर आणि बाळंतिणींना अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं: भात, सार, अंडं, दूध, चिक्की. जेवण तिथंच बसून खायचं असा मूळ हेतू आहे, आणि तो अगदी बरोबर आहे, कारण डबा घरी आला की पुन्हा तेराचं गणित. अडचण अशी की दुपारी सुनेला तासभर मोकळं सोडायला सासू तयार नसते. "चारचौघांत बसून सरकारचं खायला आमची सून भिकारी आहे का?" म्हणून पुढची अट बैठकीत नाव घेऊन घालावी: रोज दुपारी ती अंगणवाडीत जाईल.

कामाचं गाऱ्हाणं गावागणिक वेगळं असतं. बेळगावच्या पश्चिम भागात, उचगाव-बेळगुंदीकडं, पावसाळ्यात रताळ्याचे वेल लावायचे. खानापूरकडं भाताची लावण. सून दिवसभर चिखलात वाकलेली, आणि संध्याकाळी गोठा तिचाच. वडगाव-शहापूरच्या मागांवर कांड्या भरायचं काम घरच्या सुनेकडं असतं आणि त्याची मजुरी कुणी धरत नाही. निपाणीत विड्या. तिथली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी: विड्या सून वळते, पण विडी कामगाराचं कार्ड सासूच्या नावावर असलं तर मजुरी सासूची, फंड सासूचा, आणि सून कागदोपत्री "घरीच असते". उद्या पोटगीच्या अर्जात तिची कमाई दाखवायची म्हटली तर पुरावा शून्य. तिचं वेगळं कार्ड काढणं ही बैठकीतली सगळ्यात स्वस्त अट आहे आणि तीच कुणाला सुचत नाही.

मुलगा बैठकीला बहुधा नसतो, हे आपल्या भागाचं वैशिष्ट्य. गोव्यात कंपनीत, पुण्यात, किंवा फौजेत. "तो सुट्टीवर आला की बोलू" म्हणत वर्ष जातं. लग्न त्याच्याशी झालंय, सासूशी नाही. तो फोनवर का होईना, बोलल्याशिवाय बैठक धरू नये आणि त्याची सही आल्याशिवाय पोरगी पाठवू नये. फौजीच्या बाबतीत आईबाप उगाच घाबरतात. बायकोला नांदवत नसेल, पैसे पाठवत नसेल, तर त्याच्या युनिटच्या कमांडिंग ऑफिसरला अर्ज करता येतो. पगारातून पोटगी कापून देण्याची तरतूद लष्कराच्या कायद्यातच आहे. अर्जात त्याचा आर्मी नंबर, युनिट, लग्नाचा दाखला आणि बायकोचं बँक खातं हवं. बऱ्याच जणींना नवऱ्याचा नंबरसुद्धा माहीत नसतो. लग्नाआधी पत्रिका जुळवताना तेवढं टिपून घ्या.

आता कागद. जाचाला कागदांचा आधार कसा मिळतो हे महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर जितकं दिसतं तितकं दुसरीकडं क्वचितच दिसेल. चंदगड, आजरा, गडहिंग्लज, कागलच्या पोरी इकडं येतात, इकडच्या तिकडं जातात. शिनोळी किंवा कोगनोळी ओलांडली की पोरीचं राज्य बदलतं, कागद मात्र माहेरी राहतात. इकडं रेशन माणशी मिळतं. माहेरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला आणला नाही म्हणून तिचं नाव चढत नाही, आणि "तुझं रेशन येत नाही, तरी खातेस" हे ताटावर बसल्यावर ऐकावं लागतं. शक्ती योजनेत बायकांना कर्नाटकातल्या बसला तिकीट नाही, पण ओळखपत्र इथल्या पत्त्याचं लागतं. सासू फुकट फिरते आणि सुनेला तिकीट पडतं, म्हणून "तुला कशाला जायचंय बाजारात?" कर्नाटकच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २००० रुपये रेशन कार्डावरच्या कुटुंबप्रमुख बाईच्या खात्यावर, म्हणजे बहुतेक घरांत सासूच्या. माहेरच्या मैत्रिणींना जुलै २०२४ पासून लाडकी बहीणचे १५०० सुरू झाले, तेही हिला नाहीत, कारण ही आता महाराष्ट्रात राहत नाही. दोन सरकारांच्या मधल्या फटीत सून पडते ती अशी.

सासूची बाजूही इथं सांगायला हवी. घर सासऱ्याच्या नावावर, जमिनीचा उताराही त्याच्याच नावावर. पुष्कळ सासवांच्या हातात स्वतःच्या नावाचा पहिला पैसा ऑगस्ट २०२३ नंतर, याच गृहलक्ष्मीचा आला. तो त्या घट्ट धरून ठेवतात, यात नवल नाही. त्यामुळे बैठकीत त्या पैशावर बोट ठेवू नका. फुकट वैर वाढतं. सुनेचं स्वतःचं खातं उघडा आणि नवऱ्यानं दरमहा त्यात ठरावीक रक्कम टाकायची हे लिहून घ्या.

करायचं एवढंच. लग्न झाल्यावर उपनिबंधकाकडं नोंद करून दाखल्याच्या दोन प्रती काढा, त्यावर आधारचा पत्ता बदला, माहेरच्या तहसील कार्यालयातून नाव कमी केल्याचा दाखला आणा, सासरच्या कार्डावर नाव चढवा. आणि आधार, शाळा सोडल्याचा दाखला, मार्कशीट, लग्नाचा दाखला यांची एक झेरॉक्स आईकडं. मूळ कागद सासूच्या कपाटात ठेवू नयेत. आधारचा नंबर मात्र तोंडपाठ असावा. सोबत तीन फोन नंबर पाठ करून घ्या. फोन काढून घेतला की नंबर फोनबरोबर जातात, आणि शेजारणीच्या फोनवरून लावायला एकही आठवत नाही.

सोन्याबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त फसगत इथं होते. पाचपरतावण झालं की "चोऱ्या होतात, माझ्याकडं दे" म्हणून दागिने कपाटात जातात, तिथून सोसायटीत सोनेतारण होतात, पावती नवऱ्याच्या नावावर. वर्षानं विचारलं तर "तू घालून आलीसच नव्हतीस." हे टाळायला लग्नाच्या दिवशीच यादी करायची असते, हुंडाबंदी कायद्याखालच्या १९८५ च्या नियमांत ती करावीच असं सांगितलं आहे. वस्तू, अंदाजे किंमत, कुणी दिली, नातं काय, आणि वधू-वर दोघांच्या सह्या. आमच्या अनुभवानं त्यात आणखी दोन रकाने हवेत. एक, ग्रॅममधलं वजन. "बोरमाळ एक" या नोंदीत दीड तोळ्याची बोरमाळ अर्ध्या तोळ्याची होते. दुसरा, हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकांचा नंबर; १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर तो असतोच, भिंगातून बघून टिपून घ्या. पावती सराफाकडून पोरीच्या किंवा आईबापाच्या नावानं घ्या. स्त्रीधन तिचंच, सांभाळायला दिलं म्हणून सासूचं होत नाही, हे सुप्रीम कोर्टानं १९८५ सालीच सांगून ठेवलंय. पण कोर्टापुढं स्त्रीधन ठेवायला आधी यादी लागते.

समजुतीनं भागलं नाही तर काय? इथं दोन वाटा आहेत आणि लोक त्या एकत्र कालवतात. एक फौजदारी: पूर्वीचं भारतीय दंड संहितेचं ४९८अ, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, तीन वर्षांपर्यंत कैद. दुसरी वाट २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याची, जो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. "त्यांना आत टाकायचं नाही, नुसता जाच थांबवायचाय" असं म्हणणाऱ्या पोरींसाठी ही दुसरी वाट आहे. तिच्यात राहायचा हक्क, मारहाण आणि धमकीला मनाई, खर्ची, सोनं-कागद परत, एवढं सगळं एका अर्जात मागता येतं. पहिली तारीख एरवी तीन दिवसांत, निकाल साठ दिवसांत लावायचा प्रयत्न करावा असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात साठाचे सहाशेही होतात. म्हणून मूळ अर्जाबरोबरच तातडीच्या अंतरिम आदेशाचा अर्ज जोडलाच पाहिजे. आदेश मोडला तर वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड.

सासूविरुद्ध अर्ज चालतो का, हा नेहमीचा प्रश्न. चालतो, २०१६ पासून यात शंका उरलेली नाही. "घर माझ्या नावावर आहे, चालती हो" हे सासूला म्हणता येतं का? २०२० साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी सून तिथं नांदत असेल तर तिला राहण्याचा हक्क मागता येतो. त्याच वर्षी कर्नाटकातल्याच एका खटल्यात, ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याखाली झटपट अर्ज टाकून सुनेला बाहेर काढण्याची वाटही कोर्टानं अडवली. हक्क मालकीचा नव्हे, राहण्याचा. एवढा फरक पोरीला समजावून सांगा, नाहीतर वाटणीचं भांडण उगाच मध्ये येतं.

सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, पण सुनेच्या अर्जाला सीमा आडवी येत नाही. ती तात्पुरती जिथं राहते तिथल्या कोर्टात, म्हणजे माहेरी चंदगडातही, हिंसाचाराचा अर्ज चालतो आणि आदेश भारतभर लागू होतो. फौजदारी तक्रारही ती आसऱ्याला असेल तिथं देता येते, हे २०१९ साली ठरलं. "घटना कर्नाटकातली, तिकडं जा" असं ठाण्यात म्हणाले तर शून्य क्रमांकानं नोंद करा (झिरो एफआयआर, म्हणजे हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घेणं) म्हणून सांगावं. पण निवड विचारानं करा. परत त्याच घरात राहायचंय तर अर्ज सासरच्या तालुक्यातच बरा, कारण घरात शिरवायला तिथलेच पोलीस लागणार. परत जायचंच नसेल, खर्ची आणि सोनं हवं असेल, तर माहेरचं कोर्ट. त्यात दुसऱ्या राज्यात नोटीस पोचेपर्यंत तारखा जातात, म्हणून अर्जात नवऱ्याचा सासरचा पत्ता, नोकरीचा पत्ता, फोन आणि तिथलं पोलीस ठाणं, चारही लिहा.

कर्नाटकात हिंसाचाराचा अर्ज लिहून देण्याचं काम त्या कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याचं. तालुक्याला हे काम महिला व बालकल्याण खात्याचे सीडीपीओ (बालविकास प्रकल्प अधिकारी) बघतात, म्हणजे अंगणवाड्या ज्यांच्या हाताखाली त्याच कार्यालयात जायचं. वकील विधिसेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो, आणि बाईला त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

भाषेचा घोटाळा होतो तो जबाब देताना. पोरगी मराठीत सांगते, समोरचे कानडीत लिहून घेतात, ती सही करते. तिनं सांगितलेलं असतं "सासूनं उलथन्यानं चटका दिला", आणि कागदावर उतरतं "सासू-सुनेत वाद झाला". कुणाचा हेतू वाईट असतोच असं नाही. घाईत वाक्य आखूड होतं आणि नेमकं उलथनंच गळतं. उपाय असा: घरूनच मराठीत सगळं लिहून न्या, दोन प्रतींत, एकीवर शिक्क्यासह पोच घ्या, कानडीत लिहिलेलं वाचून आणि समजावून घेतल्याशिवाय सही करू नका, गरज पडली तर दोन्ही भाषा येणारी बाई सोबत न्या. एफआयआरची प्रत फुकट मिळते. चटका असो की मुका मार, त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा आणि "पडले" म्हणू नका. केसपेपरवर "पडली" असं एकदा लिहिलं गेलं की पुढं वर्षभर तेच वाचून दाखवलं जातं.

आणि टिपण. शाळेची वही चालेल, पण ती सासरी ठेवू नये. आईला फोनवर सांगावं, आईनं लिहावं. "रोज त्रास देतात" ही नोंद निरुपयोगी. "श्रावण सोमवार, पहाटे साडेचारला उठवलं, दुपारी तीनला जेवले, एक भाकरी, चहा मागितला म्हणून आत्याबाईंनी कप फेकला, कपाळाला लागला, समोर धाकटी जाऊ" ही कामाची. तारीख, वेळ, शब्द, कोण होतं. फोनवरचा आवाज असेल तर कापू-जोडू नका, मूळ फोन जपा.

आता बैठकीचा कागद. आम्ही पाहिलेल्या बहुतेक कागदांत एकच वाक्य असतं: "यापुढे मुलगी सासू-सासऱ्यांच्या आज्ञेत राहील, माहेरच्यांनी तक्रार मागे घ्यावी." ही समजूत नव्हे, सुनेचा जामीनकतबा आहे. कागद नवऱ्यानं आणि सासूनं लिहून द्यायचा. रात्री किती वाजता काम संपेल, जेवायला सगळ्यांबरोबर बसेल, फोन तिच्याच हातात राहील, माहेरी कोणकोणत्या सणाला आणि किती दिवस, खात्यावर महिन्याला किती, सोनं कुठल्या तारखेला कुणाच्या हातात, दवाखान्यात कोण नेईल. शेवटी: आठ दिवसांनी, महिन्यानं आणि तीन महिन्यांनी पंचांपैकी कोण जाऊन पोरीशी एकटीशी बोलेल, त्याचं नाव. हे नाव नसलेला कागद आम्ही अजून टिकलेला पाहिला नाही. तक्रार दिलेली असेल तर ती तीन महिने तशीच राहू द्यावी. आणि शंभराच्या बाँडवर लिहिलं म्हणून कागदाला जोर येत नाही. तो विधिसेवा प्राधिकरणापुढं, लोकअदालतीत नोंदवला तर निवाड्याला हुकूमनाम्याची किंमत येते. कोऱ्या बाँडवर सही तर कुणाच्याही सांगण्यावरून नको. बाँडवरची सोडचिठ्ठीही, समाजातली जुनी रूढी कोर्टात सिद्ध केल्याशिवाय, घटस्फोट ठरत नाही. त्या कागदावर नवऱ्याचं दुसरं लग्न लागतं आणि ही ना इकडची ना तिकडची होते.

पोरगी अठराच्या आत असेल तर बैठकीचा प्रश्नच येत नाही. कर्नाटकात असं लग्न कायद्यानं मुळातच रद्दबातल आहे. मुलांच्या मदतीच्या १०९८ ला फोन करा.

संपादक महाराज, एक विनंती. पंचमीच्या अंकात पत्रिकांच्या आणि साड्यांच्या जाहिरातींशेजारी दागिन्यांच्या यादीचा कोरा नमुना छापा: वस्तू, वजन, हॉलमार्क नंबर, कुणी दिली, नातं, किंमत, दोन सह्या. खाली महिलांच्या मदतीचा १८१, तातडीचा ११२ आणि विधिसेवेचा १५१०० हे नंबर ठळक अक्षरांत, मराठीत आणि कानडीत. कापून ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवता येईल एवढ्याच आकाराचं छापा.

आपल्या,
कौटुंबिक समुपदेशनाचं काम करणाऱ्या काही जणी,
बेळगाव, खानापूर, निपाणी